फोटोतली मधली खुर्ची
कांजी केलेल्या युनिफॉर्मवर इस्त्री फिरल्याचा वास आला, की आजही माझं डोकं भडकतं. पनवेलच्या आमच्या नर्सिंग कॉलेजची पहिली बॅच पास झाली, त्या दिवशी अंगणात ग्रुप फोटो होता. कडक उन्हात कॉलर मानेला टोचत होती. पत्र्याच्या खोल्यांमधून हे कॉलेज उभं करणाऱ्या प्रिन्सिपल मॅडम मधल्या खुर्चीवर बसल्या होत्या. तेवढ्यात संस्थाचालकांचा डॉक्टर जावई उशिरा उगवला आणि मॅडम चटकन उठल्या. "मॅडम, उठू नका, खुर्ची तुमची हाय," उरणची माझी मैत्रीण म्हणाली. "डॉक्टर उभे असताना नर्स बसत नाही, बाळा," मॅडम म्हणाल्या. आम्हालाही त्यांनी हेच शिकवलं होतं. जावई थँक्यूही न म्हणता बसला, मॅडम पार कडेला जाऊन उभ्या राहिल्या. आता त्याच कॉलेजात मी शिकवते. 'संस्थेचा इतिहास' म्हणून तो फोटो दारातच लावलाय, फ्रेममध्ये मावेना म्हणून कडेने कापून. मधोमध जावई, आणि मॅडमचा नुसता एक हात. नव्या मुली विचारतात, हा हात कुणाचा? मी सगळं सांगते. आणि वर्गात कुणी डॉक्टर आले, की त्यांच्यादेखत म्हणते, "बसून राहा. एकीनेही उठायचं नाही."