नाव टाइप करू नये

आमच्या संस्थेत गावातलाच एक मुलगा होता; वाघानं मारलेल्या गुरांच्या नोंदी तो कॉम्प्युटरवर करायचा. ऑफिस जंगलाला लागूनच होतं आणि बोलण्याआधी खिडकीकडे बघायची त्याला सवय होती. वाघाला तो ‘मोठा’ म्हणायचा. गावात सगळेच म्हणतात. नाव घेतलं की येतो म्हणून.

त्या वर्षी नोंदी वेबसाइटवर न्यायचं ठरलं. कोड न लिहिता साइट बनवून देणारी दोन साधनं दाखवायला नागपूरहून एक साहेब आले. एकात प्राण्याचं नाव टाइप करायचं, दुसऱ्यात नुसतं चित्र निवडायचं. पहिलं झटपट चालत होतं, म्हणून मी तेच घेऊ म्हणालो.

खिडकीकडे बघून तो म्हणाला, "टाइप करनं म्हनजे नाव घेनंच झालं ना, भाऊ."

साहेब हसले. "बघा, किती सोपं आहे," म्हणत त्यांनी रकान्यात ‘वाघ’ लिहिलं आणि बटण दाबलं.

तो उठला. भरदुपारी त्यानं खिडकी लावली, दाराला आडणा घातला.

"हे काय करतोस?" मी विचारलं.

"तुमी बोलावलं ना त्याले. आता बसा चूपचाप."

मला हसू येणार होतं, तेवढ्यात जाणवलं, की सकाळपासून अंगणात भुंकणारी कुत्री गप्प झाली आहेत.

"चित्रवालंच घेऊ," मी कुजबुजलो. साहेबांनी घाईघाईनं तो शब्द पुसला.

"पुसल्यानं जात नाई तो," पहिल्यांदाच खिडकीकडे न बघता, दाराकडे बघत तो म्हणाला.