ओल्या भिंतीतला करंट

मंडळी, कॉलनीच्या सूचनांच्या फळ्यावर आज घरचं सांगतेय. घाईत लिहितेय, अक्षर समजून घ्या.

सकाळी माझी सहा वर्षांची वैशाली आंघोळ करून ओल्या पायांनी मोरीतून बाहेर आली आणि भिंतीला हात टेकताच रडायला लागली. "आई, भिंत चावली." मला वाटलं, मुंगी असेल. मी बोटांनी चाचपलं, तर कोपरापर्यंत झिणझिणलं. भिंतीत करंट उतरला होता.

मेन स्विच बंद केला, पोरीला उचलून अंगणात आणलं. ह्यांना ऑफिसात कळवायचं तर जवळपास फोन नाही.

दोन महिने त्या भिंतीला ओल होती. पावसाची असेल म्हणून मी तिच्यावर कॅलेंडर टांगून मोकळी झाले होते.

शेजारच्या अण्णांना हाक मारली; ते एका गवंड्याला आणि वायरमनला घेऊन आले. गवंडी म्हणाला, "वैनी, पावसाची ओल वरनं येती. ही खालनं चढल्या. मोरीचं पाणी हाय हे."

फरशी उचलली, तर खालचा पाइप सांध्यात फुटलेला. रोजचं आंघोळीचं पाणी भिंतीत मुरत होतं आणि बटणांच्या बोर्डाची वायर तिथूनच गेलेली.

पाइप बदलला, बोर्ड दुसऱ्या भिंतीवर गेला. वैशाली खेळतेय. मी मात्र अजून कुठल्याच भिंतीला टेकायला धजत नाही.

तुमच्या घरात अशी ओल आहे का? पावसावर ढकलू नका. गवंड्याला आजच बोलवा.