आत्याची फुगडी सुटली तेव्हा

ये गं, अशी जवळ बस. आणि पाठीला पोक काढून काय बसतेस म्हातारीसारखी? ताठ बस. माझी आत्या नातवंडांची आजी झाली तरी ताठ होती.

मी तेव्हा परकरी पोर. उत्रोलीत आमचं घर, आणि आत्याचं सासर भातखाचरांच्या पलीकडं. निसरड्या बांधावरनं डोक्यावर पाटी घेऊन, हात न लावता ती माहेरी यायची. पंचमीला फुगडीत सगळ्यांच्या पुढं. पोरी ओरडायच्या, "आत्याबाई, हळू, आमी पडू!" ती हसायची, "पडा की! मी न्हाई पडायची."

मग आत्याचे मालक गेले. पुढच्या पंचमीला ती फेराकडं निघाली, तर थोरली जाऊ सगळ्यांदेखत म्हणाली, "आता हे शोभतं व्हय तुला?" आत्या गुमान भिंतीशी जाऊन बसली. सुनांनीही मायेनं तिच्या हातातलं काम काढून घेतलं. बसून बसून तिची पाठ वाकली, पाय लटपटायला लागले.

एकदा आईनं तिला आमच्या गोठ्यामागं नेलं, हात धरले. म्हणाली, "वन्सं, घ्या एक गिरकी. कुणी बघत न्हाई." आत्या मागं झुकली, पण तोलच राहीना. आईच्या गळ्यात पडून रडली, "वैनी, अंगातनं गेलं गं सगळं."

त्यानंतर तिला बांध चालवेना. माहेर समोर दिसायचं, पण यायला जमायचं न्हाई. ओसरीवर बसून आमच्या वाटेकडं बघत राहायची, आणि आमी कामात गुंतलेले. तशीच वाट बघत गेली बिचारी.

आता माझेही पाय थकलेत गं. पुन्हा लवकर ये.