फोरमन आणि आफ्रिकेची पाखरं

तोंडावर बोट ठेवून ते ओरडायचे, “आवाज नको.” तो आवाज एवढा असायचा, की पवनेच्या काठावरचे सगळे बगळे एका दमात उठून पलीकडे रावेतच्या बाजूला जायचे. मग आमचे फोरमन माझ्याकडे रागानं बघायचे, जणू मीच काही पाडलं.

दुसऱ्यांना गप्प करताना माणसं स्वतः ओरडतात, हे तुम्हीही एखाद्या लग्नात पाहिलं असेल. आमच्या फोरमनचं तसं नव्हतं. आपण कुजबुजतोय अशी त्यांची पक्की समजूत असायची.

चिंचवडच्या एका कारखान्यात ते हॅमर शॉपचे फोरमन होते आणि मी इलेक्ट्रिकल खात्यात. ज्यांनी हॅमर शॉप पाहिलेलं नाही त्यांना सांगतो. भट्टीतून लालभडक लोखंड काढायचं, साच्यावर ठेवायचं आणि वरून काही टनांचा हातोडा आदळायचा. तिन्ही शिफ्ट हेच. रस्त्यापलीकडच्या टपरीवर कपातला चहा थरथरायचा. आत बोलणं शक्यच नव्हतं, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलायची. तळहात पालथा केला की थांब. पाची बोटं जुळवून छातीशी नेली की भट्टी गच्च भरलीय, आणखी घालू नका. या भाषेत ती एकमेकांची थट्टा करायची, शिव्याही द्यायची.

एकदा परदेशी हातोड्याबरोबर कानांवर घालायची झाकणं आली, चांगली खोकंभर. ती थेट स्टोअरमध्ये कुलुपात गेली. पाहुणे आले की बाहेर निघायची. पाहुणे घटकाभर आत येणार म्हणून त्यांच्या कानांना जपायचं, आणि आयुष्य तिथं काढणाऱ्या माणसानं ती झाकणं तबकातल्या विड्यासारखी त्यांच्यापुढे करायची. ते तबक धरायचं काम आमच्या फोरमनकडे होतं. हे आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी एकदा म्हटलं, “फोरमन, तुम्हीही घाला की एक.”

“कान झाकल्यावर घाव कसा बसला ते काय नाकानं बघू?” ते म्हणाले. “लोखंड थंड पडलं की आवाज बदलतो. साच्याला तडा गेला की बदलतो. माझा कान हाय तवर साचा फुटायचा न्हाई.”

म्हणजे हट्टी तेही होते. त्यांचाही मला राग आहे, तो मी लपवत नाही. पण त्या डॉक्टरचा त्याहून जास्त आहे. दरवर्षी कारखान्याच्या दवाखान्यात तपासणी व्हायची. डॉक्टर समोर बसून विचारायचे, “ऐकू येतं ना नीट?” हॅमर शॉपची माणसं ओठ वाचण्यात पटाईत. “व्हय,” म्हणायची. झाली तपासणी. ज्याला प्रश्न कळला त्याला ऐकू येतं, असं त्या गृहस्थांचं शास्त्र होतं.

फोरमनचं गाव मावळातलं. लहानपणी शेतातल्या माळ्यावर बसून गोफणीनं पाखरं हाकलायचं काम त्यांच्याकडे होतं. हाकलता हाकलता ते त्यांच्या प्रेमात पडले. सुट्टीच्या दिवशी सकाळी मला सायकल काढायला लावायचे आणि नदीवर न्यायचे. तिथं एका करंजाच्या झाडाखाली उभे राहायचे, कान टवकारायचे आणि हळूहळू त्यांचा चेहरा तापायचा.

“हितं सकाळच्याला नुसता कल्ला असायचा, राव. आता एक पाखरू बोलत न्हाई. ह्या कारखान्यांनी हाकलली सगळी.”

त्या झाडात काहीतरी चिवचिवत असायचं. मला पाखरांतलं काडीचं कळत नव्हतं. मला वाटायचं, हे काहीतरी फालतू असणार, त्यांना हवी आहेत ती मोठी, खानदानी पाखरं गेली असणार. नाल्यातून नदीत येणारं तेलकट पाणी तर डोळ्यांना दिसत होतं. त्यावरून ते मॅनेजरशी भांडले होते, आणि ते भांडण खरंच होतं.

“रिटायर व्हायच्या आधी एकदा तो कल्ला ऐकायचाय,” ते म्हणायचे. “जिथं कारखाने न्हाईत अशा ठिकाणी. मग बसंन गप घरी.”

आणि तशी संधी आली. आमच्या कंपनीनं एक जुना हातोडा आफ्रिकेत, केनियातल्या किसुमूच्या एका गुजराती शेठला विकला. तो बसवायला आम्हा चौघांना पाठवलं. हातोड्याचा पहिला घाव नीट पडला तेव्हा शेठ इतका खूश झाला, की म्हणाला, गाडी घ्या, ड्रायव्हर घ्या, हवं ते बघून या. बाकीचे दोघे टेपरेकॉर्डर घ्यायला नैरोबीकडे पळाले. फोरमननी शेठला एकच शब्द सांगितला, “पाखरं.” मी त्यांच्याबरोबर गेलो, कारण त्यांच्या ओरडण्याचं हिंदी करून सांगायला कुणीतरी हवं होतं. ड्रायव्हरला मोडकंतोडकं हिंदी येत होतं.

आधी किसुमूच्याच मोठ्या सरोवराकाठची दलदल पाहिली. माणसाच्या डोक्याच्याही वर वाढलेला लव्हाळा, त्यातून होडी जाईल एवढीच वाट. फोरमन लहान पोरासारखे होडीच्या टोकाला बसले. डोक्यावर सोनेरी काड्यांचा तुरा असलेला करकोचा दिसला, त्याला त्यांनी नवरदेव ठरवलं. उकिरड्यावर एक भलामोठा टकल्या पक्षी गळ्याखाली पिशवी लोंबवत उभा होता. त्याच्याकडे बघून म्हणाले, “हा आपला लेबर ऑफिसर.” मी पोट धरून हसलो. लव्हाळ्यात सुगरणींचा असा गलका चालला होता, की माझे कान किटले.

परत येताना ते म्हणाले, “दिसत्यात लई. पण बोलत न्हाईत फारशी. दलदलीतली मुकी असत्यात काय?”

मला वाटलं, होडीच्या इंजिनमुळे म्हणत असतील.

तिथून आम्ही काकामेगाच्या जंगलात गेलो. असं जंगल मी आधी पाहिलं नव्हतं. भर सकाळी अंधारल्यासारखं, झाडांचे शेंडे मान मोडेपर्यंत वर. वाटाड्या म्हणून तिथलाच एक म्हातारा घेतला होता. तो म्हणाला, आणि ड्रायव्हरनं मला सांगितलं, इथं पाखरं दिसत नाहीत, ऐकायची असतात.

फोरमननी टोपी काढली, हात मागं बांधले आणि डोळे मिटले.

काय सांगू तुम्हाला. ते जंगल बोलत होतं. डावीकडून शीळ, वरून किणकिण, पाठीमागून कुणी काचेवर काच घासावी तसं काहीतरी. एक थांबलं की दुसरं. वाटाड्या एकेका आवाजाला नाव देत होता आणि मला नावं लक्षात ठेवणंही जमत नव्हतं. इतक्या वर्षांनी या माणसाला हवं ते मिळालं, या आनंदात मी फोरमनकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पवनेवर तापायचा तसा तापला होता.

“फसवलं,” ते गरजले. “हितं काय बी न्हाई. मसणवटीवानी शांत हाय. विचार त्याला, कशाला आणलं हितं?”

मी म्हटलं, “फोरमन, असं काय करता? ऐका की.”

“काय ऐकू?”

ड्रायव्हरनं भीत भीत वाटाड्याला सांगितलं. म्हातारा रागावला नाही. तो फोरमनच्या समोर अगदी जवळ येऊन उभा राहिला, ओठांचा चंबू केला आणि शीळ घातली. बारीक, उंच, एका पाखराची हुबेहूब. ती ऐकून वरच्या फांदीतून खऱ्या पाखरानं उत्तर दिलं.

फोरमन त्याच्या ओठांकडे बघत होते. फुगलेले गाल, गळ्याची ताणलेली शीर, सगळं त्यांनी नीट पाहिलं. ओठ वाचणारा माणूस तो. पण त्या ओठांवर शब्द नव्हताच. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कानाला बोट लावलं, वर झाडांकडे दाखवलं आणि हॅमर शॉपच्या खुणेनं विचारलं, किती?

खोटं सांगावं असं मनात आलं. पण त्या भाषेत खोटं कधी कुणी बोललेलं मी पाहिलं नव्हतं. मी पाची बोटं जुळवून छातीशी नेली. गच्च भरलीय.

ते तिथंच एका मुळावर बसले. म्हातारा वाटाड्या त्यांच्या शेजारी बसला.

त्यानंतर गवताळ माळावर गेलो. क्षितिजापर्यंत गवत, शहामृगं, हात पाठीमागे बांधल्यासारखा चालणारा एक लांबटांग्या पक्षी. मी म्हटलं, “फोरमन, बघा, सुपरवायझर आला.” ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “म्हंजे पवनेवर बी होती?”

मी होकारार्थी मान डोलावली.

“मग मी उगा शिव्या घातल्या कारखान्याला?”

“उगाच कशा?” मी इतक्या मोठ्यानं ओरडलो, की ड्रायव्हरनं गाडी थांबवली. “पाखरं नाही हाकलली त्यांनी. तुमचे कान घेतले.”

हे त्यांना ऐकू गेलं. आयुष्यात मी कुणावर इतका चिडून ओरडलो नव्हतो, आणि ज्यांच्यावर ओरडायला हवं होतं ते तिथं नव्हते.

परत आल्यावर पहिल्या पाळीला त्यांनी हॅमर शॉपच्या मध्यभागी उभं राहून तळहात पालथा केला. हातोडे थांबले. स्टोअरमधली झाकणं बाहेर काढा, मग चालू करतो, एवढंच त्यांचं म्हणणं. मॅनेजर धावत आले. म्हणाले, तपासणीत सगळे ठणठणीत आहेत. फोरमन म्हणाले, “डाक्टरला बोलवा. पाठ करून विचारायला सांगा.”

डॉक्टर आले. अपमान झाल्याच्या थाटात पाठ फिरवून उभे राहिले आणि म्हणाले, “ऐकू येतं ना नीट?” बंद पडलेल्या शॉपमध्ये मला तो प्रश्न स्वच्छ ऐकू आला. ओळीत उभी असलेली ती दणकट माणसं डॉक्टरच्या पाठीकडे बघत राहिली. तो कधी विचारतोय याची वाट बघत होती.

मॅनेजर म्हणाले, “हे सगळं आधी ठरवून केलंय.” फोरमनवर चौकशी बसली, हॅमर शॉप काढून घेतलं आणि रिटायर होईपर्यंत त्यांना भंगाराच्या यार्डात बसवलं. पुढे परदेशी गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार असं कळलं, आणि बघता बघता सगळ्यांच्या कानांवर झाकणं चढली. म्हणजे जमत होतं. पहिल्या दिवसापासून जमत होतं. माझा राग विझत नाही तो यामुळे.

रिटायर झाल्यावर ते चाकणच्या पुढे, बायकोच्या माहेरच्या गावी राहायला गेले. मी भेटायला गेलो तर ओट्यावर दोघं शेजारी शेजारी बसलेली. वहिनींना पाखरांचं कौतुक कधीच नव्हतं. सुट्टीचा दिवस नदीवर घालवतात म्हणून त्यांनी नवऱ्याला जन्मभर फैलावर घेतलं होतं. आता मात्र कुठं चिव झालं की त्या आवाजाच्या दिशेनं बोट करायच्या. फोरमन त्या बोटाच्या रोखानं बघत राहायचे. पाखरू सापडलं की वहिनींच्या हातावर टिचकी मारायचे, मग त्या हात खाली घ्यायच्या.

“हिला काय कळत न्हाई,” ते मला म्हणाले, म्हणजे ओरडलेच. “कावळ्याला बी बोट दाखवती.”

“मग तुमीच ऐका,” वहिनी म्हणाल्या आणि बोट पुन्हा जांभळीकडे वळवलं.

ते गेल्याचं मला उशिरा कळलं. गेलो तेव्हा वहिनी ओट्यावर सुपात मटकी निवडत होत्या. शेवटचं दुखणं कसं झालं, कोण कोण येऊन गेलं, हे सांगत होत्या. तेवढ्यात परसातल्या शेवग्यावर एक बारीक, उंच शीळ वाजली. बोलता बोलताच वहिनींचा हात उठला आणि बोट शेवग्याकडे रोखलं गेलं. त्या सांगत राहिल्या. शीळ थांबली, पाखरू उडून गेलेलं मी पाहिलं. बोट तसंच वर होतं.