उडवलेली एक ओळ

दुसऱ्याने खपून लिहिलेला कोड उचलून त्यावर स्वतःचं नाव टाकणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात आजही दयामाया नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी समंजस बाई आहे असा कोणाचा गैरसमज व्हायला नको.

नोएडातल्या एका कंपनीत मी प्रोग्रामर होते. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे राहायला दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टर. सकाळी चार्टर्ड बस पकडायची, संध्याकाळी आंबलेलं डोकं घेऊन परत यायचं. टीम लीडची जागा दोनदा माझ्या नाकासमोरून दुसऱ्यांना गेली होती. दोघंही माझ्याकडूनच काम शिकलेले. तिसऱ्यांदा ती रिकामी झाली तेव्हा मी ठरवलं, यंदा सोडायची नाही.

नेमकं तेव्हाच आमच्या मॅनेजरच्या डोक्यात एक खूळ शिरलं. कंपनीच्या आतल्या साइटवर त्याने एक पान काढलं. प्रत्येकाने दर शुक्रवारी तिथे आपल्याजवळचा एखादा उपयोगी कोडचा तुकडा किंवा सेटिंगची युक्ती टाकायची. ज्याचे तुकडे सगळ्यांच्या जास्त कामी येतील तो लीड, असं त्याने भर मीटिंगमध्ये जाहीर केलं. टीममध्ये देवाणघेवाण वाढावी म्हणून, म्हणे. वाढलं ते एकमेकांच्या स्क्रीनमध्ये डोकावणं.

माझ्याकडे असे तुकडे ढिगाने होते, सगळे एकाच साध्या फाइलमध्ये. प्रत्येकाच्या डोक्यावर मी रोमन अक्षरांत मराठी टिपणं लिहून ठेवायचे: हे कुठे चालतं, कुठे अडतं, वापरण्याआधी काय बदलायचं. मराठीत लिहिण्यामागे भाषेचं प्रेम वगैरे काही नव्हतं. शेजारच्यांना फुकटात कळू नये, एवढंच.

शेजारचा म्हणजे माझ्याच बरोबरीचा, अस्सल दिल्लीवाला, लीडच्या जागेवर माझ्याइतकाच डोळा ठेवून बसलेला. एकदा त्याला सर्व्हरचं सेटिंग जमेना, तेव्हा मॅनेजरने माझी ती फाइल त्याला मेल करायला लावली. मी केली. पुढच्या शुक्रवारपासून माझे तुकडे एकेक करून त्या पानावर यायला लागले, त्याच्या नावाने. मराठी टिपणं तेवढी उडवलेली. त्याला ती वाचता येत नव्हती, आणि ठेवली असती तर माल कोणाचा हे सगळ्यांना कळलं असतं.

मी त्याला तोंडावर विचारलं. तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "अरे मॅडम, कोड भी कभी किसी के बाप का हुआ है? सब इधर-उधर से ही तो उठाते हैं."

मॅनेजरकडे गेले, तर त्याने मान वर न करताच सांगितलं, "टीम में ऐसी छोटी बातें नहीं करते." मी जागेवर येऊन बसले. त्या दोघांना त्या क्षणी मी काय काय म्हटलं ते छापण्याजोगं नाही. सगळं मनातल्या मनात, अर्थात.

टीममध्ये मराठी येणारी आणखी एकच बाई होती. घर जुन्या दिल्लीकडे, हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला, तीन पिढ्या दिल्लीत काढलेलं, त्यामुळे तिचं मराठी अर्धं हिंदी. मुलं मोठी झाल्यावर दहा वर्षांनी ती नोकरीत परतली होती, अजून प्रोबेशनवर होती. वयाने मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचे. सारखं कोणाला काय विचारायचं म्हणून ती ते पान अगदी पोथीसारखं वाचायची.

"अगं, किती काम का पेज आहे हे यार! आणि तो किती छान छान टाकतो ना? नाहीतर माझं कसं झालं असतं?"

"हो ना," मी म्हणायचे, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग एका शुक्रवारी त्याने माझी साफसफाईची स्क्रिप्ट टाकली. टेस्टिंगच्या जुन्या फाइली एका फटक्यात पुसणारी. माझ्या फाइलमध्ये तिच्या डोक्यावर ओळ होती: आधी खाली आपल्या फोल्डरचं नाव टाक, रिकामं ठेवलंस तर आहेस तिथलं सगळं पुसलं जाईल. ही ओळ त्याने उडवली होती. फोल्डरच्या नावात माझं नाव होतं, म्हणून तेही उडवलं होतं. म्हणजे जागा रिकामी.

मी ते त्याच दुपारी पाहिलं. खाली एक ओळ लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी पान बंद केलं आणि चहा घ्यायला गेले. कधीतरी स्वतःच चालवेल आणि मॅनेजरसमोर तोंडावर आपटेल, असं मनात आलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

बुधवारी ती ताईने चालवली.

अर्धवट काम सर्व्हरवर चढवायचं नाही असा मॅनेजरचा दंडक होता. त्यामुळे तिचं तीन आठवड्यांचं काम फक्त तिच्याच मशीनवर होतं. ती आधी माझ्याकडेच आली. "अगं, जरा बघ ना. फोल्डर खुलतोय, पण आत काहीच नाहीये." मी संध्याकाळपर्यंत तिच्या मशीनशी झटले. ती मला पाणी आणून देत होती. काही परत आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी माझी मूळ फाइल मोठ्या पडद्यावर लावली. मी त्या ओळीचा अर्थ मॅनेजरला हिंदीत सांगणार, तोच मागून ताईचा आवाज आला. ती ओळ हळूहळू जुळवून वाचत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "अच्छा, हे तर मला समजलं असतं."

त्याचं नाव लीडच्या शर्यतीतून गेलं. जागा मला मिळाली. ती स्क्रिप्ट मी आधी पाहिली होती का, हे मला कोणीच विचारलं नाही.

लीड म्हणून पहिलं काम आलं ते ताईचा प्रोबेशनचा अहवाल. नुकसान का झालं, हे लिहायला एक चौकट होती. मी लिहिलं: साइटवरचा कोड न तपासता चालवला. यातला एकही शब्द खोटा नव्हता. आणखी एक वाक्य जोडता आलं असतं, पण ते जोडलं असतं तर जागा परत करावी लागली असती.

अहवालावर तिचीही सही लागायची. तिने तो उभ्याउभ्याच वाचला. तिला कायम करणार नाहीत हे तिलाही कळलं असणार.

"बिल्कुल बरोबर लिहिलंयस," ती म्हणाली. "मीच बघायला हवं होतं. तुला काय माहीत?"

तिने सही केली. मला तिचाही राग आला. शाई वाळायच्या आत मी कागद उचलला आणि मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवला.