मधली फट

युसूफभाईंचा हात लोखंडावर बसलेला. देवपुरातल्या निम्म्या खिडक्यांच्या जाळ्या त्यांच्याच, आणि जाळी बसवून झाली की दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघायची, ही त्यांची पद्धत. हलली नाही की काम झालं. बत्तीस वर्षांत ही परीक्षा चुकली नव्हती. त्यामुळे घट्ट बसूनही बिघडलेली राहील, अशी एखादी वस्तू जगात असेल ही शंका त्यांना यायचं काही कारण नव्हतं.

ती वस्तू शिरपुरात, एका संस्थेच्या गच्चीवर होती. संस्थेची दवाखान्याची जीप सातपुड्यातल्या पाड्यांवर जायची आणि युसूफभाईंची मुलगी मिसबाह त्या जीपवर नर्स होती. वर डोंगरात मोबाइलला रेंज नाही, म्हणून जीप आणि कचेरी यांचं बोलणं वायरलेसवर. गच्चीवरचा अँटेना वीस वर्षांचा. वाऱ्यात डुलायचा आणि लहर लागली तर आवाज पकडायचा. मागच्या महिन्यात जीप नाल्यात अडकली ते संध्याकाळपर्यंत कुणाला कळलंच नाही. तेव्हा संस्थेने ठरवलं, सोमवारपर्यंत वायरलेस बोललं तर ठीक, नाहीतर पाड्यांची फेरी कायमची बंद. मिसबाहने वडिलांना गळ घातली.

कचेरीतल्या लीलाधरने हातात दिलेल्या कागदावर लिहिलं होतं, 'जुना बेस अँटेना, दुरुस्ती व मजबुतीकरण'. बेस म्हणजे पाया, हे युसूफभाईंना कुणी शिकवायला नको होतं. शुक्रवारचा अख्खा दिवस त्यांनी खांबाच्या बुडाशी काँक्रीट ओतलं. शनिवारी लीलाधरने खुलासा केला की बेस म्हणजे कचेरीतला मुख्य सेट, आणि त्याचा म्हणून हा बेस अँटेना.

म्हणजे पाया नव्हता करायचा, युसूफभाईंनी विचारलं. पण झालाय चांगला, लीलाधर म्हणाला.

युसूफभाई वर चढले. ताणाच्या गंजलेल्या तारा बदलल्या, ढिले नट आवळले. टोकाच्या उभ्या नळीला मधोमध दोन बोटांची फट होती आणि फटीतलं प्लास्टिक तडकून अर्धं गळून गेलं होतं. नळी मोडली आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं. त्यांनी अॅल्युमिनियमची जाड पट्टी लावून दोन्ही तुकडे बोल्टांनी एक केले. हलवून पाहिलं. खांबासकट काहीच हललं नाही.

रविवारी सकाळी जीप चाचणीसाठी डोंगराच्या पायथ्याशी गेली आणि सेट साफ मुका झाला. पूर्वी निदान खरखर तरी यायची. युसूफभाईंनी पुन्हा चढून बोल्ट आणखी आवळले. खाली येऊन पाहिलं, शांतता तेवढीच पक्की.

शेवटी लीलाधरने जळगावला पुनाआबांना फोन लावला. हा अँटेना त्यांनीच उभा केलेला, आता निवृत्त. त्यांनी ऐकून घेतलं आणि युसूफभाईंना फोन द्यायला सांगितलं.

"युसूफभाऊ, नळीला मधे फट होती, ती कुठे?"

"बुजवली, आबा. जाड पट्टी टाकली."

पलीकडे आबांनी कपाळावर हात मारला, तो लीलाधरलाही ऐकू आला.

"ती मोडलेली नव्हती हो. मुद्दाम ठेवलेली. सेटच्या तारेचं एकेक टोक एकेका तुकड्याला असतं, दोन्ही तुकडे एकमेकांना लागले की बोलणं बंद."

"जोडलं म्हणून बंद?"

"जोडलं म्हणूनच."

तडकलेल्या प्लास्टिकमधून पाणी आत जात होतं, खरं दुखणं तेवढंच, असं आबा म्हणाले. तिथे नायलॉनचा तुकडा बसवा, पट्टी काढा.

युसूफभाईंनी उलटसुलट विचार करून पाहिला. जोडण्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला हे पटण्यासारखं नव्हतं. पण सोमवार पटण्याची वाट बघणार नव्हता. त्यांनी ओळखीच्या लेथवाल्याकडून नायलॉनचा गट्टू कातून आणला आणि आपणच आवळलेले बोल्ट घाम गाळत सोडवले.

दुपारी तीनला सेट खाकरला. जीपचा ड्रायव्हर निंबा बोलत होता, "कचेरी, कचेरी. आते बठ्ठं ऐकू ये ऱ्हायनं."

सगळं ऐकू येतंय म्हटल्यावर लीलाधरने फळ्यावर सोमवारची फेरी लिहून टाकली. तेवढ्यात मिसबाहचा आवाज आला, "अब्बा, आवाज आ रहा क्या?"

युसूफभाईंनी सेटकडे बघून मान हलवली. लीलाधरने त्यांचं बोट धरून बोलायच्या बटणावर ठेवलं.

"आ रहा," ते म्हणाले. "कायकू आ रहा, वो मत पूछ."