खाली ठेवायचं नाही

"गिलन बॅरे सिंड्रोम," डॉक्टर म्हणाले. माझा चेहरा बघून त्यांनी पुन्हा सावकाश सांगितलं, "जीबीएस."

मी एकोणतीस वर्षं सोलापुरात प्राथमिक शाळेत शिकवते. न कळलेलं कळल्यासारखं दाखवणारी मुलं मला लांबूनही ओळखू येतात, त्यामुळे स्वतः तसं करायला जमलं नाही. "मराठीत सांगा," मी म्हटलं.

डॉक्टर हसले. "तुमच्या शरीरात रोगाशी लढणारे शिपाई असतात ना, ते चुकून तुमच्याच नसांवर उलटलेत. विजेच्या वायरवर आवरण असतं, तसं नसांवरही असतं. ते सोलवटलंय. त्यामुळे मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत पोचत नाही. बरं होतं हे, पण वेळ लागतो. आणि आधी थोडं वाढतं."

आधी थोडं वाढतं, एवढंच माझ्या कानात राहिलं.

सुरुवात अगदी साधी होती. पंधरा दिवसांपूर्वी पोट बिघडलं होतं, ते बरं झालं आणि मी विसरूनही गेले. मग एका सोमवारी पायांना मुंग्या आल्या. मंगळवारी जिना चढताना गुडघे लटपटले. बुधवारी वर्गात फळ्यावर लिहिताना खडू हातातून गळून पडला. उचलायला वाकले, तर बोटांना तो उचलता येईना. पहिल्या बाकावरच्या मुलीने खडू उचलून दिला आणि म्हणाली, "बाई, राहू द्या, मी लिहिते." मी तिला रागावले. ती बिचारी जागेवर जाऊन बसली.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला असं झालं, मुंग्या पायांतून वर चढायला लागल्या आणि ताकद रोज थोडी थोडी कमी वाटली, तर "अशक्तपणा असेल" म्हणून घरी बसू नका. मी तीन दिवस तेच म्हणत होते. आमचे हे जवळजवळ ओढतच दवाखान्यात घेऊन आले, म्हणून निभावलं.

नसांमधून विजेचे बारीक झटके सोडून निरोप किती वेगाने जातो ते बघायची नर्व्ह कंडक्शनची तपासणी झाली होती. त्यावरूनच डॉक्टर बोलत होते. पण मानेत मणक्यांचा दाब नाही याची खात्री हवी होती. "उद्या सकाळी एमआरआय करून घेऊ. मोठं चुंबक असलेलं यंत्र, आतला फोटो काढतं. मग लगेच इंजेक्शनं सुरू करू. काही विचारायचंय?"

"डावा हात येईल ना परत?"

"डावा?" डॉक्टरांनी वर पाहिलं. "सगळे उजव्याचं विचारतात."

त्याचं कारण सांगायला हवं. आम्ही लिंगायत. माझं माहेर दुधनीचं. आठ वर्षांची असताना आईने माझ्या गळ्यात इष्टलिंग बांधलं. चांदीच्या छोट्या डबीत ते असतं. आम्ही त्या डबीला करडगी म्हणतो. रोज सकाळी अंघोळ झाली की लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हाताने विभूती लावायची, पाणी-फूल वाहायचं, आणि त्याच्याकडे बघत बसायचं. देऊळ म्हणजे तो तळहातच. डावा हात गेला की माझं देऊळच गेलं. दोन दिवस हात थरथरत होता, म्हणून मी लिंग उशीवर ठेवून पूजा केली होती आणि पूजा झाल्यावर रडले होते.

दुसऱ्या दिवशी एमआरआयसाठी जवळच्याच एका तपासणी केंद्रात नेलं. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, कानातलं, सगळं ह्यांनीच काढून रुमालात बांधून घेतलं. लिंग मात्र मी काढू दिलं नाही. पूजेशिवाय गळ्यातून ते कधी निघालं नव्हतं. वर दवाखान्याचा गाऊन होता, त्याखाली दोरा झाकला गेला आणि मी गप्प बसले. वर्गात कुणी असं काही लपवलं असतं, तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

विम्याच्या कागदावर सही राहिली म्हणून ह्यांना खिडकीवर बोलावलं. मी व्हीलचेअरवर एकटी. माझ्या शेजारी नऊवारीतल्या एक बाई बसल्या होत्या, चाळिशी-पंचेचाळिशीच्या, रापलेल्या. मोठ्या बाटलीतून घटाघटा पाणी पीत होत्या. संपली की नळावरून भरून आणायच्या, पुन्हा प्यायच्या. मी मनात म्हटलं, काय हे, जन्मात पाणी बघितलं नाही का! मी प्रवासातसुद्धा बाहेरचं पाणी पीत नाही, डबा आणि बाटली घरची. कुणाचं काही घ्यायचं नाही आणि कुणाला काही मागायचं नाही, याचा मला भारी अभिमान होता.

माझा नंबर आला. दारातच यंत्रावरच्या मुलाने माझ्या मानेवरचा दोरा पाहिला.

"काकू, हे काढावं लागेल."

"चांदी आहे. चांदीला चुंबक ओढत नाही. मी शाळेत शिकवते."

"बरोबर आहे काकू. तरी नियम आहे. इथे ट्रेमध्ये ठेवा."

ट्रे खाली, चपलांच्या शेजारी होता. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, मग थांबा, काकांना येऊ द्या, पण तुमची वेळ गेली तर पुढचा नंबर घ्यावा लागेल, आज मग सांगता येत नाही. इंजेक्शनं एमआरआयवर अडलेली. सकाळपासून उजव्या हाताची मूठही वळत नव्हती. मला काय करावं कळेना. डोळे भरून आले, आणि ते पुसायला हातही वर जाईना.

"देव हाय का त्येच्यात?" त्या पाणी पिणाऱ्या बाईंनी विचारलं.

मी मान हलवली.

"मग मज्यापाशी द्या की. मी बसती हितंच."

मी काही बोलायच्या आत त्या उठल्या, नळावर कोपरापर्यंत हात धुतले, ओले हात झटकत आल्या आणि दोन्ही तळहात जोडून पदर पसरून पुढे केले. मुलाने माझ्या गळ्यातला दोरा काढून करडगी त्यांच्या हातात ठेवली. आणि मी, जिला डोळे पुसता येत नव्हते, मी त्या परक्या बाईंना वर्गातल्या आवाजात बजावलं, "खाली ठेवायचं नाही. कुणाच्या हातात द्यायचं नाही. मी बाहेर येईपर्यंत."

"न्हाय ठेवत. जावा तुमी."

एमआरआय दुखत नाही, एवढं सांगते. अरुंद बोगद्यात पडून राहायचं आणि कानाशी हातोडे चालू असल्यासारखा आवाज ऐकायचा. पण हलायचं नाही. मी डोळे मिटून आत पडले होते आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आपण ओळखपाळख नसलेल्या बाईच्या हातात आठव्या वर्षापासूनचं लिंग दिलं. नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. चांदीची डबी आहे. गेली तर कुठे शोधायची? पाऊण तास मी तिला मनातल्या मनात चोर ठरवत होते. लाज वाटते, पण खरं ते सांगते.

बाहेर आणलं तेव्हा हे अजून विम्याच्या खिडकीवरच अडकले होते आणि बाई त्याच खुर्चीवर होत्या. तशाच, तळहात जोडलेले, पदर पसरलेला. फक्त पाय एकावर एक घट्ट घेतले होते आणि कपाळावर घाम होता.

काउंटरवरची मुलगी वैतागून मला म्हणाली, "काकू, यांना सांगा तुम्हीच. पोटाची सोनोग्राफी आहे यांची. त्याला लघवी भरलेली लागते म्हणून दोन लिटर पाणी प्यायला लावलंय. दोनदा नाव पुकारलं, जातच नाहीत. बाथरूमलाही जात नाहीत. मी धरते म्हटलं तर माझ्याकडेही देत नाहीत. डॉक्टर गेले आता, दुपारशिवाय येणार नाहीत."

मी बाईंकडे पाहिलं.

"देव घिऊन मोरीत कसं जायाचं?" त्या म्हणाल्या. "आन् आत नेलं तर त्यो डॉक्टर म्हणायचा हात बाजूला करा. मग कुटं ठिवू? तुमीच म्हणालाव की, कुनाला द्यायचं न्हाय."

मी धन्यवाद म्हटले असतील असं तुम्हाला वाटेल. मी म्हटले नाहीत. त्यांनी करडगी माझ्या मांडीवर ठेवली आणि माझी बोटं आधी तिच्या झाकणाकडे गेली. लिंग आत आहे का बघायला. बोटांत जोर नव्हता, झाकण निघेना, मी नुसती खुडबुड करत राहिले. त्यांना ते कळलं. राग नाही, काही नाही. त्यांनीच झाकण उघडलं आणि माझ्या डोळ्यांसमोर धरलं.

"बगा. हाय की आत." मग दोरा माझ्या गळ्यात घातला, पाठीमागे गाठ मारली, आणि म्हणाल्या, "आता मला जाऊ द्या बाई, लई येळ झाली." आणि त्या जवळजवळ पळतच बाथरूमकडे गेल्या.

तेवढ्यात ॲम्ब्युलन्सचा माणूस आला आणि माझी खुर्ची ढकलत घेऊन गेला. मला थांबा म्हणायचं होतं. काउंटरवरच्या मुलीला जाता जाता एवढंच विचारता आलं, कुठल्या त्या? "मोडनिंबकडच्या कुठल्यातरी वस्तीवरच्या," ती म्हणाली. आता पुन्हा दोन लिटर पाणी, पुन्हा दुपारपर्यंत बसणं आणि मग एसटी. मुलांना 'धन्यवाद म्हणा' शिकवण्यात माझी एकोणतीस वर्षं गेली आहेत.

मणक्यांचा दाब नव्हता. त्याच दिवशी इंजेक्शनं सुरू झाली. आयव्हीआयजी म्हणतात, दुसऱ्या लोकांनी दिलेल्या रक्तातून काढलेली चांगली प्रथिनं, पाच दिवस सलाईनमधून देतात. नर्सने हे सांगितलं तेव्हा मी बाटलीकडे बघत राहिले. बाहेरचं पाणी न पिणाऱ्या बाईच्या नसेत कुणाकुणाचं काय काय चाललं होतं, कोण जाणे.

डॉक्टर म्हणाले तसं आधी वाढलं. दोन्ही हात गेले. श्वासाच्या स्नायूंवर येतंय का बघायला ते रोज एका श्वासात आकडे मोजायला लावत. पहिल्या दिवशी अडतीसपर्यंत गेले. "पाढे म्हणू का?" असंही विचारलं. तिसऱ्या दिवशी सोळावरच दम संपला. त्या दिवशी मी काही विनोद केला नाही. हे कोपऱ्यात उभे होते, त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. चौथ्या दिवशी सतरा झाले. पाचव्या दिवशी एकवीस. डॉक्टर म्हणाले, "वळलं. आता हळूहळू."

हळूहळू म्हणजे किती हळू, ते आता ठाऊक झालंय. रबरी चेंडू दाबायचा. कपडे वाळत घालायचे चिमटे उघडायचे. कणकेचा गोळा मळायचा, मग त्याच गोळ्याची ह्यांनी केलेली वाकडी चपाती खायची. मी त्या बाईंबद्दल इतक्यांदा बोलायचे की एकदा हे कानडीत म्हणाले, "होगली बिडु." जाऊ दे, सोड. पण मला सोडायचं नव्हतं. चिमटा उघडता उघडता कंटाळले की मला त्या आठवायच्या. पोट फुगलेलं, घाम आलेला, आणि हात मात्र जराही खाली आलेले नाहीत. मग मी आणखी दहा चिमटे उघडायचे.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मी ह्यांना न सांगता करडगी उघडली आणि लिंग डाव्या तळहातावर घेतलं. हात हलत होता. लिंग मात्र राहिलं. मी विभूती लावली, फूल वाहिलं. नेहमी शेवटी डोळे मिटले की आई दिसायची. त्या दिवशी धुतलेले दोन ओले तळहात दिसले. मी खूप रडले आणि मग चहा करायला उठले. चहा मीच केला.

गेल्या आठवड्यात नसांची तपासणी पुन्हा करायला त्याच केंद्रात गेले होते, काठी घेऊन पण स्वतःच्या पायांवर. हे गाडी लावायला गेले होते. बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, पांढरी दाढी, डोक्यावर टोपी. त्यांना एमआरआयला आत बोलावलं. यंत्रावरचा तोच मुलगा म्हणाला, "चाचा, दात काढा." आजोबांनी कवळी काढली, वरची आणि खालची, आणि रुमालात धरून इकडे तिकडे बघू लागले. लेक कागद करायला खाली गेलेला. समोरच्या दोघी मोबाइलमध्ये बघू लागल्या. मीही आधी काठीकडे बघितलं, खोटं कशाला सांगू.

मग उठून हात धुऊन आले आणि डावा तळहात पुढे केला. सकाळी त्याच्यावर लिंग होतं.

"संभालो बेटी," ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "खाली नक्को रखो. नवे हैं."

"नही रखती, चाचा. जाओ तुम."

रुमाल ओलसर होता. दहा मिनिटांनी हात भरून आला, पंधरा मिनिटांनी थरथरायला लागला. मी उजव्या हाताने मनगट धरलं. माझं नाव पुकारलं. मी म्हटलं, मागून येते. मी पाणी पिऊन आलेले नव्हते, त्यामुळे माझं काम त्या बाईंपेक्षा पुष्कळ सोपं होतं.

हे गाडी लावून आले. "काय ते हातात?"

"दात."

"कुणाचे?"

"माहीत नाही."

ते माझ्याकडे बघत शेजारी बसले. हाताची थरथर त्यांना दिसली. "दे इकडे," ते म्हणाले, "मी धरतो थोडा वेळ."

"नाही," मी म्हटलं. "कुणाच्या हातात द्यायचं नाही."